छोटी गाडी, चार माणसं: रात्री एकही पिशवी हलवावी लागू नये

सर, तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यातच सगळं दुखणं आलं आहे: "रात्री सगळं सामान ड्रायव्हरच्या सीटवर आणि सकाळी तेच सामान परत पलंगावर." औंढ्याच्या सहलीत दोन रात्री नुसत्या गाद्या टाकून झोपलात आणि हे लक्षात आलं, हे फार बरं झालं. बरेच जण आधी लाख-दोन लाखांचं सुतारकाम करून घेतात आणि मग त्यांना हे कळतं.

तुमची परिस्थिती मी अशी समजलो. बारा सीटची जुनी ट्रॅव्हलर. ड्रायव्हरच्या सीटमागून मागच्या दारापर्यंत आत १२६ इंच लांबी, पॅनेल लावून उरलेली रुंदी ६८ इंच, उंची ७२ इंच. तुम्ही ५ फूट ५ इंच, वहिनी ५ फूट १ इंच, लेक अकरा वर्षांची आणि साडेचार फुटांची. आई सत्तरीच्या, गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. परभणीहून निघून चार-पाच दिवस फिरायचं. मागे यू आकाराची बाकडी करायची, मधलं टेबल खाली पाडून त्यावर गादी टाकायची, असा तुमचा बेत आहे. यात चौघांची झोप आणि सामान बसेल का, असं विचारलं आहे.

बसेल. पण यू बाकडं करू नका.

मी लातूरला २६ वर्षं गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. सुरुवात ट्रकच्या केबिनपासून झाली. नंतर दिंडीचे ट्रक आले, एका कीर्तनकार महाराजांची गाडी आली आणि अलीकडे अशा फिरायच्या गाड्या येतात. यू बाकड्याच्या तीन गाड्या मी करून दिल्या आणि तिन्ही परत कामाला आल्या. कागदावर हा आराखडा फार छान दिसतो: दिवसा बैठक, रात्री पलंग, एकाच जागेचा दोनदा उपयोग. प्रत्यक्षात रोज रात्री टेबलावरचं सगळं उचला, टेबल पाडा, पाठीच्या गाद्या मध्ये बसवा, त्यांच्या फटी बुजवा, चादर घाला. वीस मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ उरलेली तीन माणसं उभी. पहिल्या सहलीत पोरांना त्याची मजा वाटते. तिसऱ्या सहलीपासून पलंग कुणी मोडतच नाही, मग बसायला जागा नाही. शिवाय बाकड्याखालचं सगळं सामान झोपलेल्या माणसाखाली अडकतं.

मी एकच कसोटी लावतो. झोपायची वेळ झाली की किती वस्तू उचलाव्या लागतात, ते मोजा. प्रत्येक वस्तू अशा जागी हवी की ती तिथंच राहून माणूस झोपू शकेल, आणि माणूस झोपलेला असतानाही ती काढता येईल. झोपेची जागा आणि सामानाची जागा असे दोन वेगळे हिशेब मांडले की गाडी कधीच पुरत नाही. हिशेब एकच आहे.

हे मी ऊसतोडीच्या गाड्या भरताना बघून शिकलो. माझं मूळ गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात तेव्हा अख्खा संसार एका ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो: ज्वारी-बाजरीची पोती, कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, बांबू-ताडपत्र्या, पाण्याचं पिंप, भांडी, वाकळा, लेकरं, एखादी शेळीसुद्धा. त्या माउल्या गाडी भरतात ती पद्धत बारकाईनं बघण्यासारखी असते. पोती तळाला आणि बरोबर मधोमध. भांड्यांच्या पोकळीत भांडी, त्यांच्यामध्ये कपड्याच्या चिंध्या, म्हणजे वाजत नाही आणि पोचा पडत नाही. वाकळा सगळ्यात वर, कारण वाटेत त्यांच्यावरच लेकरं निजतात. आणि उतरल्याबरोबर लागणारं चुलीचं जळण, तवा आणि पिठाचा डबा फाळक्याजवळ, सगळ्यात शेवटी चढवलेला. पोटासाठी सहा-सहा महिने घर सोडावं लागणाऱ्या बायांनी ही अक्कल कमावली आहे. आपण हौसेनं फिरणारी माणसं, आपण ती आदरानं घ्यावी.

आता तुमच्या गाडीचा आराखडा सांगतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

मागच्या दाराला लागून पूर्ण रुंदीचा आडवा पलंग करा: ६८ इंच बाय ५० इंच, फळीची उंची जमिनीपासून ३० इंच. हा तुमचा आणि वहिनींचा, आणि हा कायमचा. तो रोज मोडायचा नाही. तुमची उंची ६५ इंच, म्हणजे डोक्याला आणि पायाला मिळून तीन इंच उरतात. आडवं झोपण्याचा फायदा असा की गाडीच्या लांबीतले फक्त ५० इंच खर्च होतात. उभं झोपलात तर ७२ इंच जातील. तुम्ही पाच फूट आठ इंचांचे असता तर मी हा आराखडा दिलाच नसता. पण माप खात्रीनं घ्या. गाडीची भिंत सरळ नसते, वर जाताना आत झुकते. टेप तळाशी लावून चालत नाही. ३४-३५ इंच उंचीवर, म्हणजे गादीवर झोपल्यावर डोकं जिथं येईल तिथं लावायचा. आत इन्सुलेशन आणि पॅनेलचे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच जातात. तुम्ही ते धरले आहेत असं लिहिलंय, तरी मागच्या भागात परत एकदा बघा.

पलंगाची फळी ३० इंचांवर आणि गादी चार इंच, म्हणजे छतापर्यंत ३८ इंच राहतात. मांडी घालून बसता येतं, डोकं लागत नाही. आणि पलंगाखाली २८ इंच उंचीची मोकळी खोली मिळते. हिशेब केला तर दीड हजार लिटरच्या वर जागा आहे. चाकांचे उंचवटे वजा केले तरी बाराशे लिटर कुठं जात नाही. चौघांच्या पाच दिवसांच्या सामानाला एवढी जागा खूप झाली. पलंग खाली घ्यायचा मोह होईल, कारण वर चढायला पायरी लागते. घेऊ नका. तुम्ही दोघं चढू शकता.

आईंचं वेगळं. त्यांचा पलंग दारासमोर आणि खुर्चीच्या उंचीचा हवा, गादी धरून १९-२० इंच. त्याहून खाली असला तर गुडघ्यांवर जोर देऊन उठावं लागतं, उंच असला तर पाय लोंबकळतात. घरी त्या ज्या खुर्चीवरून सहज उठतात तिची उंची मोजा आणि तेवढीच ठेवा. ट्रॅव्हलरचं दार डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या मागे असतं. म्हणून आईंची जागा उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या मागे. तिथं नुसतं बाकडं ठोकू नका. चालत्या गाडीत आई आणि लेक कुठं बसणार? आडव्या बाकड्यावर बेल्टशिवाय बसवणं मला मान्य नाही, कितीही सावकाश चालवत असलात तरी. तिथं पुढं तोंड करून बसायची, पाठ पूर्ण मागे पडून सपाट होणारी, बेल्टवाली दोन माणसांची सीट बसवा, आणि तीही प्लायवर न बसवता मूळ सीटच्या जागी चॅसिसला धरून. ती सपाट केली की साधारण ४६ इंच होते. तिच्यामागं २६ इंच लांबीची, त्याच उंचीची पेटी करा. झाले ७२ इंच. सीटकडची बाजू पस्तीसेक इंच रुंद राहते, पेटीकडची २६ इंचच ठेवा, कारण तिच्यासमोर डाव्या भिंतीला तुमचा स्वयंपाकाचा ओटा येणार आहे. ओटा १८ इंच खोल, पेटी २६, मधली वाट २४ इंच. एवढ्या वाटेतून माणूस सरळ चालतो.

४६, २६ आणि मागचे ५० मिळून १२२ होतात. चार इंच शिल्लक राहतात ते सोडून द्या. सुतारकामात ते कुठं ना कुठं खपतात.

रात्री आईंचा पलंग करायला सीटची पाठ पाडायची आणि वर पातळ गादी पसरायची, एवढंच काम. दोन मिनिटं. आणि मध्यरात्री त्या उठल्या तर कुणाला ओलांडावं लागत नाही. समोर दार, खाली पायरी, हाताला पकडायला दांडी. पायरी आणि दांडी यांवर पैसे वाचवू नका. पायरीची प्रत्येक चढण सात-आठ इंचांच्या वर नको. पलंगाजवळ त्यांच्या हाताच्या अंतरावर छोटा पिवळा दिवा, चष्म्याचा आणि गोळ्यांचा कप्पा, पाण्याची बाटली अडकवायची कडी असू द्या. रात्री लागणारं सगळं झोपल्या जागेवरून हाताला आलं पाहिजे, हे चौघांनाही लागू आहे. छोटं पोर्टेबल टॉयलेट घेणार असाल तर ते ओट्याखाली सरकवून ठेवा. आईंच्या पेटीत मुळीच नको. त्या झोपलेल्या असताना ते निघणार कसं?

राहिली लेक. तिच्यासाठी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये आडवी कॅनव्हासची खाट करतात. दोन मजबूत पाइप, मध्ये ताडपत्रीच्या जाड कापडाची दुहेरी शिवणीची झोळी, आणि दोन्ही दारांच्या बाजूला बॉडीच्या खांबावर आधाराच्या खोबण्या. स्टिअरिंगच्या वर राहील अशी उंची ठेवायची. साडेचार फुटांचं पोर त्यात निवांत झोपतं. दिवसा पाइपभोवती कापड गुंडाळलं की तो रोल पलंगाखाली कडेला आडवा राहतो. यात दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, रात्री अचानक गाडी हलवायची वेळ आली तर ही खाट एका मिनिटात निघाली पाहिजे, म्हणून स्क्रू-नट न वापरता खटक्याची पिन वापरा. दुसरी, तीन वर्षांनी लेक यात मावणार नाही. तेव्हा बाहेर छोटा तंबू लागेल, किंवा ती आईंच्या जागेवर आणि आई… तो विचार तेव्हा करू. आज त्यासाठी चौथा पलंग कोंबून गाडी बिघडवू नका. आईंच्या वर बर्थ करावा असं तुमच्या मनात आहे, पण ७२ इंचांत वर बर्थ टाकला तर आईंना नीट उठून बसता येणार नाही आणि उकाड्यात वरच्याला झोप लागणार नाही.

आता पलंगाखालची खोली. इथं चूक होते ती अशी: पलंगाची फळी म्हणजे झाकण, उचलायचं आणि खालून सामान काढायचं. माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीत मी तेच केलं होतं. माहूरला रात्री पाऊस आला, रेनकोट पलंगाखाली, पलंगावर बायको आणि दोन लेकरं झोपलेली. तिघांना उठवून, गादी उभी करून रेनकोट काढला आणि तोवर खिडकीतून गादी भिजली. तेव्हापासून माझा नियम आहे: वरून उघडणारा कप्पा फक्त महिन्यात एकदा लागणाऱ्या वस्तूंचा. रोजचं सगळं बाजूनं निघालं पाहिजे. तुमच्या पलंगाखाली दोन तोंडं ठेवा. एक मागच्या दारातून, जिथून बाहेर उभं राहून काढता येईल: खुर्च्या, ताडपत्री, स्टेपनीची अवजारं, बादली. दुसरं आतल्या वाटेकडून, जिथून कपडे आणि किराणा निघेल. मध्ये एक आडवी फळी, म्हणजे बाहेरची धूळ-चिखल आत येणार नाही.

सरकते ड्रॉवर सगळ्यांना हवे असतात. एखादा करा, ओट्याखाली. पलंगाखाली ड्रॉवर केले तर जाड चॅनेल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या), पेट्या आणि त्यांच्या फटी यांतच बरीच जागा जाते, वजन वाढतं, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर चॅनेलचे बॉल निघून येतात. त्यापेक्षा मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मिळणारे भाजीचे प्लास्टिकचे क्रेट आणा. नेहमीचा क्रेट साधारण ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद, २९ उंच असतो. स्वस्त, धुता येतो, हवा खेळते, एकावर एक बसतो आणि घरी उचलून नेऊन भरता येतो. आधी क्रेट विकत घ्या, मग त्यांच्या मापानं कप्पे करा. बहुतेक जण आधी कप्पे करतात आणि मग त्यात बसणारी पेटी शोधत फिरतात. तुमच्या २८ इंचांत, म्हणजे ७१ सेंटिमीटरमध्ये, मधल्या फळीसह क्रेटचे दोन थर आरामात बसतात. प्रत्येकाला एक क्रेट कपड्यांचा. त्यात मावेल तेवढेच कपडे घ्यायचे. क्रेटपुढं एक आडवी पट्टी खोबणीत टाकायची, म्हणजे ब्रेक मारल्यावर ते बाहेर येत नाहीत.

किराण्याचे डबे गोल नकोत. हा साधा भूमितीचा हिशेब आहे, तुम्ही तर गणित शिकवता: चौकोनात गोल बसवला की कोपऱ्यांत साडेएकवीस टक्के जागा वाया जाते. पाच डब्यांत एका डब्याची जागा गेली. चौकोनी डबे घ्या, झाकणावर नाव लिहा, कारण तुम्हाला वरूनच बघायचं आहे.

वरच्या कप्प्यांबद्दल माझं मत कडक आहे. छताजवळ, खिडक्यांच्या वर कप्पे जरूर करा, पण त्यांत फक्त हलकं: टॉवेल, चादरी, पापडाचा डबा. पुस्तकं नकोत. प्रत्येक कप्प्याला दोन इंचांची ओठासारखी पट्टी आणि खटक्याचं कुलूप. चुंबकावर विसंबू नका. किनवटकडून येताना एका गतिरोधकावर माझ्या गाडीतला वरचा कप्पा उघडला आणि तांदळाचा स्टीलचा डबा रिकाम्या सीटवर पडला. सीट रिकामी होती म्हणून मी आज हे शांतपणे लिहू शकतो. शिवाय मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पत्र्याच्या छताखालचा कप्पा भट्टी होतो. आईंची औषधं, पॉवर बँक, फवाऱ्याचे डबे, मेणबत्ती, गूळ, काही तिथं ठेवू नका. महाराजांच्या गाडीत मी पखवाजाची जागा अशीच छतालगत केली होती. उन्हानं पुडी (तोंडावरचं चामडं) ताणून आवाज चढला, सप्ताहात ऐन कीर्तनाच्या वेळी पखवाज लागेना. मग तो खाली, मधल्या भागात, कापडी खोळीत आणला. औषधांचीही जागा तीच: खाली, मध्ये, सावलीत.

वजनाकडं सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून थोडं थांबून सांगतो. मागच्या चाकांच्या मागं ठेवलेलं वजन तरफेसारखं पुढची बाजू उचलतं. तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३३५० मिलिमीटर असेल आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) एक मीटर मागं तुम्ही १०० किलो ठेवलेत, तर मागच्या चाकांवर १३० किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे ३० किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची पकड जाते. तुमचा पलंग नेमका तिथंच आहे. म्हणून पलंगाखाली मागच्या दाराजवळ हलकं सामान, आणि जड सामान पलंगाच्या आतल्या कडेला किंवा आईंच्या पेटीत: बॅटरी, धान्य, जड अवजारं. डावी-उजवी बाजूही सांभाळा. ओटा डावीकडं आला की बॅटरी उजवीकडं.

प्लायही कमी वजनाचा नसतो. आठ बाय चारची १२ मिलिमीटरची शीट २२ ते २५ किलो भरते, १८ मिलिमीटरची ३३ ते ३८. सुतार घरच्या कपाटासारखं सगळं अठराच्या प्लायमध्ये करायला बघतो. त्याला थांबवा. सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा, पलंगाची फळी १२ची, दारं ६ची, आणि जिथं जमेल तिथं दाराऐवजी जाळी किंवा कापडी पडदा. काम झालं की पाण्यासह, चौघांसह, सगळं सामान भरून मोंढ्याजवळच्या वजनकाट्यावर गाडी न्या. एकदा पूर्ण, एकदा फक्त पुढची चाकं, एकदा फक्त मागची. आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून बघा. काट्याचं भाडं किरकोळ असतं आणि त्यानं टायर वाचतात.

पाण्यासाठी मोठी पक्की टाकी करू नका. आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक गावात वीस लिटरचा थंड पाण्याचा जार मिळतो. दोन जार उभे बसतील अशी पट्ट्यांची चौकट ओट्याच्या बाजूला खाली करा. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो, लागेल तसं भरायचं. टाकी धुवायचं काम नाही आणि उन्हाळ्यात पाणी शिळं होत नाही.

अंथरूण-पांघरूण जागा खातं, त्यावर जुना उपाय आहे. खोळ शिवून घ्या, तक्क्याच्या आकाराची, चेन लावलेली. सकाळी आईंची वाकळ, उशी, चादर त्यात कोंबली की झाला टेकायला तक्क्या. प्रत्येकाचा रंग वेगळा. मागच्या पलंगावरचं अंथरूण तसंच राहू द्या, फक्त वर जाड चादर झाका, कारण धूळ मागच्या दारातून येतेच. गाडी पळताना तिच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. दाराचं रबर बदला, आणि कच्च्या रस्त्यावर मागच्या खिडक्या बंद ठेवून पुढचा हवेचा झरोका उघडा. बराच फरक पडतो.

गादी कापसाची नको. जड होते, ओल धरते, उन्हात घालायला जागा नसते. चार इंचांचा ४० डेन्सिटीचा फोम घ्या, वर सुती खोळ. दोन तुकड्यांत कापून घ्या म्हणजे एक तुकडा उचलता येतो. आणि पलंगाची फळी अख्खी ठेवू नका: होल-सॉनं (गोल करवतीनं) इंचभराची भोकं सहा-सहा इंचांवर पाडा, किंवा पट्ट्या टाका, दोन-दोन इंच फट सोडून. चार माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात लिटरभर पाणी सहज बाहेर पडतं. परभणीच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते पत्र्यावर आणि गादीच्या पोटाला जमतं. आठवडाभरात बुरशी. छताला १२ व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा आणि समोर जाळीची उघडी खिडकी, थंडीतही बोटभर उघडी. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर दोनशे वॅट-अवर लागतात. शंभर अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत साधारण बाराशे असतात, म्हणजे चिंता नाही. त्या बॅटरीचं वजन बारा-तेरा किलो, साध्या अ‍ॅसिडच्या बॅटरीचं तीसच्या आसपास. अ‍ॅसिडची घेतलीत तर चार्ज होताना हायड्रोजन निघतो, ती पलंगाखाली बंद पेटीत ठेवायची नाही.

हात जोडून एक सांगतो. थंडीत ऊब म्हणून शेगडी, कोळसा, स्टोव्ह बंद गाडीत ठेवून कधीही झोपू नका. इंजिन चालू ठेवून एसी लावूनही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतून उठत नाही. बाजारात त्याचा अलार्म मिळतो, तो आईंच्या उशाच्या उंचीवर लावा. गॅसची टाकी पलंगाखालच्या डिकीत सैल ठेवायची नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. पाच किलोची टाकी, तिच्यासाठी गाडीच्या आतल्या बाजूनं हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक असलेली वेगळी पेटी, आणि शक्य तेवढा स्वयंपाक गाडीबाहेर.

कागदपत्रांचं थोडक्यात: सीटा काढून आत पलंग-ओटा करणं हा गाडीच्या रचनेतला बदल आहे आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली त्याला मर्यादा आहेत. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. वेल्डिंगला हात लावायच्या आधी आरटीओत जाऊन तुमच्या गाडीला काय करता येईल ते लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. मी कागद बघितल्याशिवाय गाडी आत घेत नाही.

सुतार बोलवायच्या आधी एक रात्र अंगणात काढा. गाडी रिकामी करून जमिनीवर खडूनं हा सगळा आराखडा आखा, पलंगांच्या जागी क्रेटवर फळ्या टाका, चौघं झोपा. आईंना रात्री उठून बाहेर जाऊन येऊ द्या. तुम्ही अंधारात हात लांबवून पाणी, टॉर्च, चष्मा घेऊन बघा. जे हाताला आलं नाही त्याची जागा बदला. मग पैठणला नाथसागराच्या बाजूला एक मुक्काम करा, आणि परत आल्यावर ज्या वस्तूला कुणीच हात लावला नाही ती गाडीतून उतरवा. औषधं, टोचन (गाडी ओढायचा दोर), जॅक आणि रेनकोट सोडून.

मला तीन मापं पाठवा: ३५ इंच उंचीवर मागची आतली रुंदी, केबिनमध्ये एका दाराच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, आणि आई ज्या खुर्चीवरून त्रास न होता उठतात तिची उंची. तिसरं माप आधी घ्या.